थैलीतली टोपी

थोरल्या मुलाची लेक मेघा ज्या वैशाखात लग्न होऊन शहाद्याला गेली, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात उखर्डू आबांचा कबड्डीचा संघ एकामागून एक सहा सामने हरला. साल दोन हजार तेवीस.

संघ दोंडाईच्याचा. मिरचीचे व्यापारी ललितभाऊ त्याचे मालक, आणि आबा प्रशिक्षक. खेळाडू पगारी होते, कुणी शिरपूरचा तर कुणी पहूरचा. पाच वर्षं या संघानं खान्देशात दबदबा ठेवला होता. यंदा मात्र धुळ्याच्या पहिल्याच सामन्यात पंधरा गुणांनी मार खाल्ला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "मिरची गोडी निंघनी रे भो." पुढं ते वाक्य प्रत्येक गावी संघाच्या आधी पोहोचू लागलं.

आबांची एक रीत होती. संघातून जाणारा गडी उघड्या डोक्यानं जायचा नाही. त्याच्या डोक्यावर टोपी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, तेही मैदानाच्या कडेला, चार लोकांदेखत. मग गेलेला गडी तिथंच उभा राहून आपल्या जागी आलेल्यासाठी टाळ्या वाजवायचा. या रीतीमुळे आजवर कुणी रुसून गेला नव्हता.

मेघाच्या लग्नातल्या टोप्या-टॉवेल घरात उरले होते. आबांची बायको ताईबाई प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर त्यातले काढून द्यायची. सहा सामन्यांत सात गडी बदलले. चढाईचे दोघं गेले, उजवा कोपरा गेला, मधले गेले. सातवी टोपी देताना ताईबाई म्हणाली, "लगीन एक व्हयनं, वरात रोजनी निंघस."

पण एक टोपी आबांच्या थैलीत पहिल्या सामन्यापासून तशीच पडून होती. ती जगदीशची. जगदीश डावा कोपरा सांभाळायचा, अकरा वर्षं. त्यानं घोटा धरला की भलेभले चढाईवाले मैदानाच्या मधली रेघ विसरायचे. यंदा त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता. धुळ्याला तो पकडीला खाली बसला आणि वेळेवर उठलाच नाही. आबांना सगळं दिसत होतं. पण जगदीशला आबांनीच मिसरूड फुटायच्या आधी मातीत उतरवलं होतं. दर सामन्याला थैली खांद्याला लावून जायचं आणि टोपी तशीच परत आणायची, असं चाललं होतं. जगदीशला बाजूला करायचं की नाही, या एका गोष्टीनं आबांची झोप उडाली होती.

सातवा सामना चाळीसगावला होता. दुपारी मैदानामागच्या निंबाखाली आबांनी खेळाडूंच्या नावांचा कागद काढला. चाळिशी उलटल्यावर सूनबाई ज्योत्स्नाकडून ते लिहायला शिकले, ते याच कागदासाठी. त्यांची पद्धत ठरलेली. सगळ्यात खाली प्रशिक्षकाची ओळ असायची. ती आधी भरायची, आपलं नाव घालून, आणि मग वरची बारा नावं. त्या दिवशी अकरा लिहून झाली आणि हात थांबला. त्यांनी जगदीशला हाक मारली.

"बस जरासा."

"आबा, थैली काढा," जगदीश बसता बसता म्हणाला.

"तुले कोनी सांगं?"

"दुसरा सामनालेच थैलीमान पानी धुंडाले गऊ, टोपी हातमान उनी."

"मंग बोलना काब्र नही?"

"तुम्ही बोलनात नही, मी काब्र बोलू?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जगदीशनं ती उलटसुलट करून पाहिली. "मना गुडघा गया, ते खरं शे. सरावले येस त्या अमृतले घाला मनी जागावर, पोऱ्या चांगला शे. पन एक इचारू का, आबा? सात जन बदलात. मी आठवा. अमृत बी हारना, तर मंग बदलाले कोन ऱ्हायनं?"

"मी काय मैदानमान पकडी करस का?"

"करतस नही. शिकाडतस."

आबांनी जगदीशच्या गुडघ्याकडे पाहिलं.

यंदापासून या स्पर्धेचे, लीगचे, सगळे सामने मॅटच्या गादीवर होत होते, बूट घालून. ललितभाऊंनी सरावासाठी तशीच गादी दिवाळीआधी आणून दिली होती. आबा म्हणाले होते, "गादीवर झोपतस, खेळतस नही." ती गोदामात मिरचीच्या पोत्यांशेजारी गुंडाळून पडली होती. आबांची माती आबांनी स्वतः चाळलेली, रोज पाणी मारलेली. पोरं सकाळी त्या मातीत अनवाणी खेळायची. मातीत पाय घसरतो, गडी घसरत घसरत पकड धरतो. गादीवर पाय जिथं पडला तिथंच रुततो, अंग फिरतं, गुडघा फिरत नाही. जगदीशचा गुडघा गेला तो असा. हे आबांना आज समजलं असं नाही. धुळ्यालाच समजलं होतं. त्यानंतर त्यांनी सात गडी बदलले होते.

"लई दुखस का रे?" त्यांनी विचारलं.

"थंडीमान दुखस."

आबांनी कागद पुढं ओढला. बारावं नाव अमृतचं घातलं. मग खालच्या ओळीतल्या आपल्या नावावर दोन रेघा मारल्या आणि वर, जागा होती तेवढ्यात, जगदीशचं नाव लिहिलं. ते ओळीबाहेर गेलं.

सामन्याआधी आबा जगदीशला घेऊन मैदानाच्या कडेला आले, तेव्हा लोकांना वाटलं, आज डाव्या कोपऱ्याची पाठवणी. आबांनी टोपी आणि टॉवेल जगदीशच्या हातात दिले आणि मान खाली केली.

"घाल."

"आबा, लोक दखी ऱ्हायनात."

"त्यासाठेच तर इठे उनू. घाल."

जगदीशनं टोपी घातली. ती जरा तिरकी बसली. आबांनी ती सरळ केली नाही. रीतीप्रमाणे ते तिथंच उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. चाळीसगावकरांनी मिरचीची आठवण काढलीच. संघ नऊ गुणांनी हरला.

सोमवारी सकाळी आबा गोदामात गेले. दोन हमालांसोबत त्यांनी गादी बाहेर आणली आणि काठीनं झोडपली. तिच्यातून मिरचीची अशी धूळ उठली की अर्धा बाजार शिंकत होता. ललितभाऊ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आबा, हे दिवाळीलेच करं ऱ्हातं, तर ठसका कमी लागता."

"व्हय," आबा म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात जगदीशच्या हाताखाली संघ सातपैकी तीन सामने जिंकला. आबांनी सातही पाहिले, लोकांत बसून, तीच टोपी घालून. सरावाच्या वेळी ते गादीवर पाय ठेवत नसत. बाजूला आपली माती चाळत बसत. आता तिच्यात कुणी खेळत नव्हतं, पण सराव सुटला की जगदीश दुखरा पाय त्या ओल्या मातीत रोवून त्यांच्याशेजारी बसायचा.

उखर्डू आबा १२ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी सकाळी, दोंडाईच्याला राहत्या घरी वारले. वय बहात्तर होतं.