अक्कासाठी प्रार्थना

माझी बायको जयंती प्रार्थनेला बसली की घरात कुकरचीसुद्धा शिट्टी होऊ देत नाही. मी अहिल्यानगरचा, जन्माचा ख्रिस्ती, त्यामुळे देवाशी जरा सलगीने वागतो. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. लग्नानंतर काही वर्षांनी स्वतःहून ख्रिस्ती विश्वासात आली. तिचं सगळं मनापासून असतं. रागसुद्धा.

राग होता थोरल्या बहिणीवर, विजयलक्ष्मी अक्कावर. आई वारली तेव्हा अक्काने जयंतीला कळवलं ते सगळं उरकल्यावर. एकाच शहरात आम्ही वेलचेरीला, अक्का टी. नगरला; असं कितीसं लांब? पण धर्म बदलला म्हणून लेकीला आईचं तोंडही बघू दिलं नाही. तेव्हापासून जयंतीने अक्काचा फोन उचलला नाही. प्रार्थना मात्र रोज चालायची, की प्रभू, अक्काचं मन मऊ कर. मी एकदा म्हणालो, ही प्रार्थना नव्हे, देवाकडे केलेली चहाडी आहे. त्या रात्री मला आदल्या दिवशीचं रसम मिळालं.

यंदा अक्का न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. ते जयंतीला नातेवाइकांकडून कळलं. मग चर्चमधल्या बायकांच्या मंडळात आजाऱ्यांची नावं घेतात, तिथे तिने अक्काचं नाव सांगून टाकलं. तिला वाटलं, सुटले. पण त्या मंडळाची एक रीत आहे. आजाऱ्याची हरकत नसेल तर सगळ्यांनी त्याच्या घरी जायचं, आणि जिने नाव सांगितलं तिनेच त्याच्या डोक्यावर हात ठेवून शेवटची प्रार्थना करायची. नाव सांगताना बाईसाहेबांना हे आठवलंच नाही. मंडळाच्या रंजनीअम्मांना भांडणाचा पत्ता नव्हता. त्यांनी जयंतीकडूनच नंबर घेऊन अक्काला फोन लावला. अक्का नाही म्हणेल या आशेवर जयंती होती. अक्का म्हणाली, या.

गाडी चालवायला मी होतो. अक्काने खुर्च्या मांडून घेतल्या होत्या, फिल्टर कॉफी तयार होती. देवघरात समई तेवत होती आणि बाहेरच्या खोलीत आमच्या बायका तमिळ गीत गात होत्या. कोणाचं काही बिघडलं नाही. दोघी बहिणी मात्र एकमेकींकडे बघायला तयार नव्हत्या.

शेवटी रंजनीअम्मांनी खूण केली. जयंती उठली, अक्काच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने अक्काच्या डोक्यावर हात ठेवला. केस पार विरळ झाले होते. जयंतीने दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही तरातरा निघून जाणार, आणि मी किल्ली हातात घेऊन ठेवली.

मग ती माहेरच्या मराठीत हळूच बोलली. "प्रभू, इतकी वर्षं हिचं मन मऊ कर मणून मागत होतें. माझंच मन दगड झालें. मी अक्काला क्षमा केलें. मलापण क्षमा कर."

मला भरून आलं. रंजनीअम्मांना मराठीचं ओ की ठो कळत नाही, पण त्यासुद्धा डोळे पुसत आमेन म्हणाल्या. बायका कॉफीकडे वळल्या. जयंती हात काढून घेऊ लागली, तेव्हा अक्काने तिचं मनगट धरलं.

"काढूं नको, जयू. चूक माझीच. आई गेल्यावर माझ्या डोसक्यावर कोणी हात ठेविलाच नाही."