एक कान निजायचा

कुणी हाक मारली की शालनताई उत्तर देण्याआधी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. 'ओ' मागाहून यायची. आधी परकराचा घेर उन्हात फुलायचा, वेणीचं टोक हवेत अर्धवर्तुळ काढून पाठीवर विसावायचं आणि मग तिचे मोठे, किंचित गोंधळलेले डोळे हाक मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबायचे. त्या थांबण्यात एक सुटका असायची, लांबच्या वाटेने आलेल्या माणसाला अखेर घर दिसावं तशी. परकर जाऊन साडी आली तरी गिरकी राहिली. फक्त तिचा वेग ओसरला, आणि पदर सावरण्याच्या निमित्ताखाली ती जरा झाकली गेली.

ती माझी आतेबहीण. आम्ही बारामतीत राहायचो, आणि आत्याचं घर माळेगावात, कारखान्याच्या पलीकडे, तिन्ही बाजूंनी ऊस उभा असलेल्या रानात. माझ्या प्रत्येक सुट्टीचा मोठा भाग तिथे जायचा. मी इंग्रजी शाळेत शिकणारी आणि मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे ओसरीच्या खांबाला टेकून इतरांकडे पाहत राहणं हाच माझा खेळ होता, आणि पाहण्यासारखं त्या घरात सर्वांत अधिक काय असेल तर ती शालनताई होती.

तिच्या त्या गिरकीचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला होता. आत्याच्या लेखी तो शुद्ध नखरा होता. शालनताईचा धाकटा भाऊ दत्ता तिला भोवरा म्हणून चिडवायचा. आत्याचे सासरे, आबा, यांचं तरुणपण मेंढरांमागे फिरण्यात गेलेलं. कळप कधीच विकले गेले होते, पण त्यांच्या उपमा अजून रानातच चरत असायच्या. ते म्हणायचे की पोर वारा हुंगणाऱ्या मेंढरासारखी फिरते, वारा सापडला की थांबते. आबा सत्याच्या किती जवळून गेले होते हे त्यांना कधी कळलं नाही. मला मात्र ते नृत्यच वाटायचं. माझ्या शाळेत असल्या हालचाली स्नेहसंमेलनासाठी महिनाभर शिकवत, आणि हिला त्या कुणी न शिकवता येत होत्या.

एकच आवाज असा होता की ज्यासाठी ती वळत नसे. कारखान्याचा भोंगा. गळिताच्या दिवसांत हवेत मळीचा आंबूस-गोड वास दाटलेला असायचा आणि भोंगा वाजला की तो एका दिशेने येतच नसे. आभाळच वाजल्यासारखा सगळीकडून उतरायचा. तेव्हा शालनताई हातातलं काम थांबवून शांत उभी राहायची. चेहऱ्यावर एक विलक्षण स्वास्थ्य असायचं. माझ्या सोबत चालताना ती मला नेहमी आपल्या उजव्या हाताला घ्यायची. मी चुकून डावीकडे गेले तर बोलता बोलता खांद्याला धरून अलगद या बाजूला आणायची. थोरल्या बहिणीची ही माया आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मी कॉलेजात जाऊ लागले त्या सुमारास आत्याच्या घरी फोन आला. आत्याचे यजमान कारखान्यात नोकरीला. त्यांना आम्ही मामाच म्हणायचो. त्यांनी किती तरी वर्षांपूर्वी नोंदवलेला नंबर अखेर लागला होता. कोपऱ्यातल्या फळीवर, शालनताईने विणलेल्या रुमालाखाली तो काळा फोन देवासारखा बसवला गेला. पण देव तिलाच प्रसन्न होईना. घंटी वाजली की ती धावत जायची, डाव्या हाताने रिसीव्हर उचलून कानाला लावायची, दोनतीनदा हॅलो म्हणायची आणि हिरमुसून खाली ठेवायची. फोन मुका झालाय, असं सांगायची. मामा उचलायचे तेव्हा तो बोलायचा, दत्ता उचलायचा तेव्हाही बोलायचा. यंत्र नवीन आहे, अधूनमधून अडतं, असा घराचा निष्कर्ष निघाला. मामांनी तक्रार नोंदवली. लाइनमन आला, खांबावर चढला, उतरला, चहा घेऊन गेला. पुन्हा तक्रार झाली तेव्हा त्याने रिसीव्हर बदलून दिला. बायामाणसांच्या हाताला यंत्राची सवय नसते, असं मामांनी त्याला समजावलं, आणि त्यानेही मान डोलावली.

शालनताईचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. मुलगा इंदापूरचा, नाव रामदास. सोलापूर रस्त्याला त्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात तो फारसं बोलला नव्हता, पण जाताना त्याने ताईकडे एकदा मागे वळून पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर ती कित्येक दिवस हलक्या पावलांनी चालत होती. आत्याने सुपारी फोडली, साड्यांची चर्चा सुरू झाली.

एका सकाळी मी तिथे असताना फोन वाजला. ताई भाकरी थापत होती. दोन्ही हात पिठाने भरलेले. मला फोनवर बोलायची भीती वाटायची, तरी मी उचलला. इंदापूरहून रामदासची बहीण बोलत होती, तिला वहिनीशीच बोलायचं होतं. ताई हात वर धरून तशीच आली. मी तिच्या उजवीकडे उभी होते, म्हणून रिसीव्हर त्याच कानाला धरला.

तिचा चेहरा मी आजही पाहू शकते. बंद खोलीचं दार कुणी एकदम उघडावं आणि आतल्या माणसाने उजेडाने डोळे मिटावे तसं काहीसं तिथे झालं. ती हसली, लाजली, हो-नाही बोलली. बोलणं संपल्यावर उत्साहाने म्हणाली की फोन आता दुरुस्त झाला. मग तिने हात धुतले. खात्री करायची म्हणून डाव्या हाताने रिसीव्हर उचलून नेहमीच्या कानाला लावला. काहीच नाही. उजव्याला लावला. तिथे तो अखंड घुमणारा सूर होता, फोन जागा असल्याचा. पुन्हा डाव्याला. पुन्हा उजव्याला. प्रत्येक वेळी तिचा हात अधिक सावकाश होत गेला. अखेरीस ती रिसीव्हर छातीशी धरून उभी राहिली.

"ह्यो कान निजायचा हाय," डाव्या कानाला बोट लावून ती मला म्हणाली. मला काही कळलं नाही. तेव्हा तिने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "एक कान ऐकायला आन् एक निजायला आस्तोय ना? उजवा उशीत घातला की समदं गप हुतंय. मला वाटायचं, समद्यांचंच तसं आसंल."

बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी धातूचा एक काटा वाजवून तिच्या दोन्ही कानांशी धरला आणि विचारलं, लहानपणी गालगुंड झालं होतं का.

झालं होतं. आम्हा तिघांनाही, एकाच उन्हाळ्यात. मी पहिलीत असेन, आणि माझ्या बालपणातला तो सर्वांत गोड आठवडा आहे. गालांवर गेरूचा लाल लेप लावून आम्ही तिघं ओसरीवर एका घोंगडीवर पडलेलो. मला दोन दिवस ताप होता, आणि मग नुसते लाड. मऊ पेज, थंड दूध, आबांच्या गोष्टी. दत्ताचा एकच गाल सुजला आणि त्याला दुखलंच नाही. तो सुजलेल्या गालाने चिंच खाऊन दाखवायचा. ताईची सूज तर सर्वांत कमी. सर्वांआधी ती उठली आणि आमच्या तोंडाशी वाट्या धरू लागली. फक्त एका सकाळी ती भिंत धरून चालत होती, भुई फिरतेय म्हणत होती. आत्याने अशक्तपणा म्हणून गूळ-शेंगदाणे खायला दिले. तेवढंच. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना हा आजार हात लावून सोडून देतो. एखाद्याच मुलाच्या कानाची नस तो जाताना घेऊन जातो, आणि मग ती परत येत नाही. एका कानाने माणूस ऐकतो, पण आवाज कुठून आला हे त्याला उमगत नाही. त्यासाठी दोन कान लागतात.

म्हणजे ते नृत्य नव्हतं. हाक येई तेव्हा तिच्याभोवती सगळ्या दिशा सारख्याच असायच्या, आणि त्यांतली खरी दिशा तिला डोळ्यांनी शोधावी लागे.

घरी परतल्यावर आत्या बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली. "एकाच पातेल्यातली पेज पाजली गं मी तिघांना," एवढंच ती म्हणाली. तिला काय खुपत होतं ते आम्हाला ठाऊक होतं. इतकी वर्षं ताईने हाकेला उशीर केला की आत्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं, बहिरी झालीस का गं. दिवसातून कितीदा तरी. उत्तर त्या रागावण्यातच होतं, आणि घरातल्या कुणी ते कधी ऐकलं नव्हतं.

पण दुःखामागून भीती आली. लग्न मोडेल. आत्याने आणि मामांनी ठरवलं की अक्षता पडेपर्यंत हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. एक कान तर धड आहे, कुणाला काय कळतंय, दहा वर्षं आपल्याला तरी कुठे कळलं? त्यांचं बोलणं अगदी खोटं नव्हतं. ताई मान खाली घालून ऐकत होती, आणि तिच्या पापण्या स्थिर होत्या. तिला तो माणूस हवा होता. मला ते तिने कधी सांगितलं नाही. त्या दिवसांत ती कामं विसरून इंदापूरच्या दिशेच्या खिडकीशी उभी राहायची, त्यावरून मला कळलं.

दुपारी घर झोपलं असताना तिने रामदासच्या दुकानात फोन फिरवला. रिसीव्हर डाव्या हातात होता, पण तो चेहऱ्यासमोरून आडवा नेऊन तिने उजव्या कानाला लावला. ही हालचाल नवीन होती, अजून अंगवळणी न पडलेली.

"शालन बोलतीय, माळेगावची. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. लहानपणी गालगुंड झालं तवापसनं. आमालाबी आत्ताच कळलं. तुमाला ठावं असावं, म्हणून."

मग तिने पलीकडचं ऐकलं, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बरं, म्हणाले."

त्या एका शब्दावर घर कित्येक दिवस जगलं. आत्या प्रथम संतापली, मग रडली, मग येताजाता त्याच शब्दाची फोड करू लागली. बरं म्हंजी काय? बरं, असू दे, की बरं, राहू दे? म्हणाला कसा, लांबवून की तोडून? ताई दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायची की नुसतं बरं म्हणाले. फोन वाजला की सगळे थबकायचे, आणि आता धावत कुणीच जायचं नाही.

रामदास स्वतःच आला, एका संध्याकाळी, मोटारसायकलवरून, एकटा. ओसरीवर बसला, पाणी प्याला, आबांची चौकशी केली. उसाच्या पात्यांवरून तिरपं ऊन सरकत होतं. मामांनी दोनदा घसा खाकरला. शेवटी तोच म्हणाला, "कानाचं कळलं. घरी बोललोय मी."

आत्याने दाराची चौकट धरली.

"आई नाराज हाय, खोटं कशाला सांगू. पर मी तिला म्हणालो, तुझं दोनी कान धड हायत, तू तरी कुणाचं ऐकतीस?"

आधी आबा हसले, मग मामा, आणि मग चौकटीपाशी आत्या पदर तोंडाला लावून हसू लागली. त्याच पदराने डोळे पुसत ती आत निघून गेली. रामदास मात्र हसत नव्हता. आतल्या अंधाराकडे पाहत तो हळू म्हणाला, "सांगितलं ते चांगलं केलं. मागनं कळलं आस्तं, तर मला वाटलं आस्तं, ही मला मोजतच न्हाय." शालनताई आत, दाराच्या आड उभी होती. उजवी बाजू दाराकडे करून. तिने सगळं ऐकलं होतं.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात मी इंदापूरला गेले होते. तिची सासू अजून तुटकच बोलायची, आणि ताई ते मनावर घेत नव्हती. सायंकाळी आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. खाली हमरस्त्यावरून ट्रक जात होते, शेजारी कुणी धान्य पाखडत होतं, आणि दूर उजनीच्या पाण्याकडून पक्ष्यांची रांग उतरत होती. ती डाळ निवडण्यात गुंतलेली पाहून मी डाव्या कानात बोट घातलं. जग नाहीसं झालं नाही. फक्त त्याची खोली गेली. सगळे आवाज एका सपाट कागदावर येऊन चिकटले, आणि माझ्या डाव्या अंगाला, जिथे क्षणापूर्वी अर्धं गाव होतं, तिथे काहीच उरलं नाही. मी बोट काढलं. गाव परत आलं, ट्रकसकट, पाखडण्यासकट. ताईने वर पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात आजार आला तेव्हा तो आम्हा तिघांचा होता. गेला तेव्हा ज्याचा त्याचा झाला. दत्ताला तो आठवतही नाही, मला तो सुट्टीसारखा आठवतो, आणि तिच्यातून काही तरी नेताना त्याने इतकंही पाऊल वाजवलं नाही की घरातलं कुणी मान वर करून पाहावं. काळ ज्यांना सोडून देतो, त्यांनाच बहुधा तो दयाळू वाटतो. ज्यांच्याकडून तो काही नेतो, त्यांना नेलेल्याची आठवणही ठेवता येत नाही, कारण त्या जागेला ते शांतता म्हणत आलेले असतात.