माझ्या तोंडातला मोठा एन

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझे वय मी दर वर्षी वेगळे सांगतो आणि ऐकणाऱ्याला ते दर वेळी पटते. पण माझ्या जोरकसपणाबद्दल मात्र शंका घेऊ नका. टायपिस्टबाई माझ्यावर भराभर टाइप करू लागल्या की टेबलावरच्या टाचण्या उड्या मारत जाऊन आपल्या आपण डबीत बसायच्या. ओळ संपल्याची माझी घंटा वाजली की समोरच्या इमारतीतली माणसे जेवणाची सुट्टी झाली असे समजून डबे उघडायची. विश्वास बसत नसेल तर त्या इमारतीला विचारा. ती आता पाडून टाकली आहे, त्याला मी काय करू?

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या बारीक दांड्या, रबराचा काळा रूळ, शाईची फीत, असा माझा देह. प्रत्येक दांडीच्या टोकाला दोन अक्षरे कोरलेली होती, एक मोठे आणि एक लहान. म्हणजे एकाच दांडीवर मोठा एन आणि लहान एन हे थोरला आणि धाकटा भाऊ नांदत होते. या दोन भावांवर नीट लक्ष ठेवा. पुढची सगळी भानगड त्यांचीच आहे.

कारखान्यातून मी थेट एका इस्पितळाच्या कार्यालयात आलो. रोग्याला काय द्यायचे आणि काय नाही, हे तिथे इंग्रजीत कार्डावर लिहून खाटेच्या पायथ्याशी अडकवत. मी येण्यापूर्वी ती कार्डे डॉक्टर हाताने लिहीत. त्यांचे अक्षर लावता न आल्यामुळे एकदा म्हणे एका माणसाचा पाय सोडून त्याच्या बुटालाच प्लास्टर घातले होते. मी आलो आणि हे प्रकार थांबले. डॉक्टर सांगत, टायपिस्टबाई बडवत आणि कार्ड तयार होई. येणारे-जाणारे म्हणत, "काय सुबक छपाई आहे!" मी लाजून घंटा वाजवत असे.

मग एके दिवशी माझा मोठा एन पडला. माझे म्हणणे विचाराल तर, त्या दिवशी मी 'नो स्मोकिंग' अशी पाटी इतक्या जोरात छापली की तो एन कागद फोडून खिडकीबाहेर गेला, एका माणसाच्या सिगारेटवर आदळला आणि ती विझली. टायपिस्टबाईंचे म्हणणे असे की मी टेबलावरून खाली पडलो. दोन्ही गोष्टी खऱ्या मानायला माझी हरकत नाही. एन गेला, एवढे मात्र खरे. धाकटा जागेवर होता. थोरल्याच्या जागी नुसते खरखरीत पोलाद उरले होते.

टायपिस्टबाई कार्यालयाच्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, मशीनचा कॅपिटल एन गेलाय. मेकॅनिकला बोलावू या का?"

"अहो बाई, सव्वीस अक्षरं आहेत. एक गेलं तर बाकीची काय रडत बसणार आहेत? पेनानं काढत जा."

तेव्हापासून बाई मोठ्या एनच्या जागी पेनाने एन काढू लागल्या. माझे कौतुक थांबले. माझ्या अंगावर एक फाटके टेबलपुसणे टाकलेले असे. एकेकाळी टाचण्यांना नाचवणारा मी, आता माझ्या अंगावर डाग पुसायचे फडके! बोलणार कोणाला?

पुढे कार्यालयाला रंग द्यायचा म्हणून मला उचलून पुरुषांच्या वॉर्डातल्या टेबलावर ठेवले. माझ्या अगदी समोरच्या खाटेवर एक मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत इंग्रजीचे व्याकरण शिकवले होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते. शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी एकच गोष्ट मागितली, चहा. उशाशी त्यांची बायको बसली होती. वॉर्डात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत.

सकाळी वॉर्डाच्या दाराबाहेर सर्जन टायपिस्टबाईंना म्हणाले, "कार्ड करा. नायदर टी नॉर मिल्क." आणि घाईघाईने दुसऱ्या ऑपरेशनला निघून गेले. बाईंनी माझ्यावर ते टाइप केले. नायदरमधला एन मोठा होता, तो उमटला नाही आणि नुसता आयदर उरला. नॉरमधला लहान होता, तो उमटला. आता बाई पेन उचलणार, तोच बाहेर फोन वाजला. त्या फोन घ्यायला गेल्या, तिकडूनच दुसऱ्या कामाला धाडल्या गेल्या आणि वॉर्डातल्या मावशींनी कार्ड नेऊन खाटेला अडकवले.

त्या दिवशी डोळ्यांच्या विभागातून एक सिस्टर मदतीला आली होती. डोळ्यांच्या रोग्याला पट्टी बांधली की लगेच चहा देतात. तिने कार्ड वाचले आणि ती हसली.

"आजोबा, मजा आहे तुमची. आयदर टी लिहिलंय. चहा नाहीतर दूध, काहीही एक घ्या."

"ऐकलंत ना?" मास्तरीणबाईंनी झटकन थर्मास उघडला. "रात्रभर चहा चहा करून जीव खाल्लात माझा. घ्या आता."

चहाचा वास वॉर्डभर पसरला. मास्तरांनी दोन्ही हातांनी कप धरला. डोळे मिटले. ओठ कपाला लावले. मग घोट घेण्याआधीच डोळे उघडले.

"ते कार्ड जरा इकडे दे."

"कशाला? आधी प्या, मग वाचा."

"दे गं."

मास्तरीणबाई सिस्टरला म्हणाल्या, "यांची ही खोड आहे. लग्नानंतर मी माहेराहून यांना पहिलं पत्र लिहिलं, ते यांनी तांबड्या शाईनं तपासून परत पाठवलं. वर दहापैकी सहा मार्क!"

"सात दिले होते," मास्तर म्हणाले. त्यांची नजर कार्डावर होती. "सिस्टर, हे वाक्य चुकलंय. आयदर टी नॉर मिल्क असं इंग्रजीत होतच नाही. आयदरचा जोडीदार ऑर. हे किंवा ते, दोन्हींतलं एक. नायदरचा जोडीदार नॉर. हेही नाही आणि तेही नाही. इथे आयदर नॉरच्या घरात येऊन बसलाय."

"म्हणजे दोघांनी बायका बदलल्या म्हणा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सिस्टरने खिशातून पेन्सिल काढली. "एवढंच ना? मग नॉरमधला एन खोडा. आयदर टी ऑर मिल्क. झालं वाक्य बरोबर."

मास्तरांनी पेन्सिल घेतली. मित्रांनो, मी समोरच होतो, म्हणून सांगतो. त्यांना चहा किती हवा होता, ते त्यांच्या बोटांत दिसत होते. पेन्सिलीचे टोक नॉरच्या एनवर टेकले. एक बारीकशी रेघ मारली की व्याकरण शुद्ध आणि चहा पोटात.

"खोडा हो," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "एक अक्षर तर आहे."

"बरोबर होईल," मास्तर म्हणाले, "पण खरं होईल का? जोडीतलं एक चुकलंय. कुठलं चुकलंय, ते मी माझ्या तहानेला विचारून कसं ठरवू? सर्जनना विचारा."

"ते ऑपरेशनला आत आहेत, आजोबा. दुपारपर्यंत बाहेर येणार नाहीत."

मास्तरांनी कार्ड डोळ्यांजवळ नेले. मग कप सिस्टरच्या हातात देत म्हणाले, "आयदर लहान ईने सुरू झालाय. वाक्याच्या सुरुवातीला लहान अक्षर? आणि आधी एवढी मोकळी जागा? सिस्टर, इथे कोणीतरी बसलं होतं, ते उठून गेलंय. त्या मशीनवर मोठा एन मारून बघा."

सिस्टर माझ्याकडे आली. एका हाताने तिने मोठ्या अक्षराची कळ दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने एन मारला. मी जीव एकवटला. मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण त्या क्षणी मला खोटा एनही उमटवता आला नाही. कागद कोरा. मग तिने लहान एन मारला. तो ठसठशीत उमटला.

सिस्टरचा चेहरा उतरला. ती गेली आणि तो कप मोरीत ओतून आली. मास्तर छताकडे बघत पडून राहिले. मास्तरीणबाईंनी थर्मासचे झाकण इतके घट्ट लावले की नंतर ते उघडायला दोन माणसे लागली.

दुपारी सर्जन आले. त्यांनी कार्ड वाचले आणि ते एकदम थबकले.

"चहा दिला?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

ते खाटेच्या कडेवर बसले. "मास्तर, आतड्याचे टाके अजून ओले आहेत. तो कप गेला असता तर पोट पुन्हा उघडावं लागलं असतं. आणि या वयात दुसऱ्यांदा..." मास्तरीणबाईंनी नवऱ्याची चादर सारखी केली. ती सारखीच होती, तरी केली.

त्याच संध्याकाळी मेकॅनिक आला. साहेब स्वतः शेजारी उभे राहून त्याला म्हणत होते, "नीट बसवा हो, महत्त्वाचं अक्षर आहे." मला हसू आले, पण नव्या दाताने हसलो तर तो पडेल म्हणून आवरले. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. यंत्राचा एक लहानसा भाग निकामी झाला, तर बाकीचे चालते आहे म्हणून त्याच्यावर फडके टाकू नका. ते बिचारे जे बोलायचे ते अर्धेच बोलते आणि ऐकणारा त्याला पूर्ण समजतो. शब्दांच्या जोड्यांचेही तसेच आहे. नायदर दिसला की नॉर कुठे आहे ते शोधा. आयदर दिसला की ऑरला हाक मारा. जोडीदार भलताच निघाला तर आपल्या सोयीचा शब्द खोडू नका. थांबा आणि विचारा.

मास्तर हळूहळू सावरले. एके सकाळी टायपिस्टबाईंनी माझ्यावर त्यांचे नवे कार्ड छापले. बोथ टी अँड मिल्क. मास्तरीणबाईंनी दूध घालून केलेला चहा कपात ओतला आणि मास्तर कार्ड वाचत बसले.

"आता काय चुकलं?"

"काही नाही. बोथच्या जोडीला अँडच आहे. बरोबर आहे."

"मग प्या ना!"

मास्तरांनी अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी तिच्यापुढे धरली.

"हे काय? कार्ड तुमचं आहे."

"बोथ म्हणजे दोन्ही," मास्तर म्हणाले. "आणि दोघंही. इतके दिवस तूसुद्धा चहा घेतला नाहीस, ते मला दिसत होतं. धर बशी."