तिसऱ्या ओळीतली आई

शिलालेखांवर ओला कागद बसवून शाईचे ठसे काढणाऱ्या ल्वानचं पत्र मौ गुरुजींना थंडीच्या तोंडावर आलं होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं नव्हतं. गुरुजींनी ते टाळलं होतं.

'टेकडीवरच्या शिळेचा ठसा काढून झाला, की तिसऱ्या ओळीतलं 'आई' या अर्थाचं चिनी अक्षर छिन्नीनं उडव, असं शी साहेबांचं सांगणं आहे. म्हणजे अख्ख्या अक्षराचा ठसा एकट्या त्यांच्याकडे. मला हे करवत नाही. पण मज अडाण्याचं कोण ऐकतो? तुम्ही नुसतं "नको" लिहा, मी तुमचं नाव पुढे करीन. गारठ्यात ओला कागद दगडावर गोठतो. बर्फ वितळलं की काम सुरू.'

गुरुजींनी पत्र शब्दकोशात दडवलं. शी साहेबांच्या संग्रहातल्या ठशांखाली टिपा लिहिण्यावर त्यांचं पोट होतं, आणि कोणाला तोंडावर 'नको' म्हणण्याचा प्रसंग त्यांनी साठ वर्षं चुकवला होता.

आता बर्फ वितळून पागोळ्या गळू लागल्या होत्या. शी साहेबांच्या दिवाणखान्यात मंडळी जमली होती. शहरात हल्ली जो उठे तो शिळांचा भक्त. कालपरवापर्यंत दरबारी वळणाची गुळगुळीत अक्षरं गिरवणारे हेच लोक आता दगडासारखं लिहायचं म्हणून मुद्दाम हात थरथरवीत. तेलघाण्याचा मालक फू तर दुसऱ्या एका शिळेचा ठसा समोर ठेवून प्रत्येक रेघेला हिसका देत होता.

"बघा गुरुजी, हा झटका! चौदाशे वर्षांपूर्वीचा जोर!"

गुरुजींनी पाहिलं. ठशातली ती शिळा पूर्वी शेतात उभी होती आणि पिढ्यान्‌पिढ्या तिला बैल बांधत. दावं घासून पडलेली खाच हा घाणेवाला घाम गाळून गिरवत होता.

"ती बैलाची..." गुरुजी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला की! जीभ घरी विसरलात?"

"काही नाही. जोर आहे."

"आमचे गुरुजी म्हणजे पुस्तकातली कसर," शी साहेब म्हणाले. "गुरुजी, टीप लिहायला घ्या. 'आई हे अक्षर नष्ट होण्यापूर्वीचा एकमेव ठसा.'"

"पण ते अजून शाबूत..."

"पुढच्या आठवड्यात ल्वान चढतोय ना टेकडीवर! अहो, कुणा पोरानं आईसाठी उभारलेला दगड. म्हातारी चौदाशे वर्षांपूर्वीच मेली. आता आणखी काय मरणार?"

सगळे हसले. गुरुजीही हसले, सवयीनं. घरी पोचेपर्यंत ते हसू तोंडात कडू होऊन बसलं. फू मूर्ख होता, शी हलकट होता. पण त्या दोघांच्या मागे उभं राहून दात काढणारा कोण होता?

त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात नमस्कारच अर्धं पान. दुसऱ्यात ग्रंथांचे दाखले. तिसऱ्यात 'माझ्या अल्पमतीप्रमाणे'. तिन्ही चुलीत गेले. मग लिहिलं : 'नको. विचारलं तर माझं नाव सांगा. मौ शौच्येन.' हात खरोखर थरथरत होता. फूला असं वळण जन्मात जमलं नसतं.

टपालकचेरीतल्या कारकुनानं पाकीट उलटसुलट केलं. "आजोबा, गाव लिहिलंय की मुंग्या सोडल्यात?"

गुरुजींनी गावाचं नाव सांगितलं. रांगेतले लोक वळून पाहतील इतक्या मोठ्यानं.

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं.