टायरीसाठी थांबलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, आणि आधी एलियटबद्दलची तक्रार सांगते. हा पोरगा सगळ्यांना सॉरी म्हणतो. माझं दार जोरात लागलं, सॉरी. चाक खड्ड्यात गेलं, सॉरी. सॉरी म्हणून झालं की त्याला वाटतं, खड्डा बुजला. मला असली माणसं सोसत नाहीत.

माझा जन्म लोरेनच्या कारखान्यात झाला. अंगानं रुंद, रंगानं पांढरी, आवाजानं खणखणीत. आधी एका वृद्धाश्रमात होते. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, परत आणायचं. काही परत आले नाहीत. मग ॲक्रन शहरातल्या एका चर्चनं मला घेतलं. तिथं गरिबांना नोकरी मिळवून द्यायचं काम चालतं. शिकलेली पोरं एक वर्ष सेवा करायला येतात, त्यांना फेलो म्हणतात. ती लोकांचे अर्ज भरतात, मुलाखतीत काय बोलायचं ते शिकवतात. पण नोकऱ्या सगळ्या शहराबाहेरच्या गोदामांत, आणि तिकडे बस जात नाही. नोकरी शोधून देणारे फेलो असतील, नोकरीपर्यंत पोचवणारी मी. भिंतीवर फोटो मात्र त्यांचे लागतात. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं माझं पोट खाल्लं, ते कोण बघतो?

गोदामाच्या फाटकात माणूस नाही, यंत्र आहे. कार्ड लावायचं. उशीर झाला की एक ठपका. ठरलेले ठपके भरले की कार्ड चालत नाही, नोकरी संपली. यंत्राला कारणं सांगता येत नाहीत. म्हणून माझ्यात बसणाऱ्यांनी आपसात एक नियम केला होता. वेळेवर जो कोपऱ्यावर नसेल त्याला सोडून जायचं, मग तो सख्खा भाऊ का असेना. तुम्हाला निर्दय वाटेल. पण मागं राहिलेला माणूस शिव्या घालत घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उभा असायचा. राग कुणी धरला नाही.

माझं सरकतं दार अडतं. ते लावायचं काम व्हर्नेलचं. कंबरेनं असा धक्का द्यायची की दार मुकाट्यानं बसायचं. बाई माझ्यासारखीच, जुनी आणि तोंडाळ. तिची लेक नशेपायी वाया गेली, आणि नात झारिया सरकारनं परक्या घरी ठेवली. कोर्ट म्हणालं, टिकलेली नोकरी दाखव आणि नातीला घेऊन जा. व्हर्नेल त्या गोदामात खोकी उचलत होती ती एवढ्यासाठी. जानेवारीत ती तापानं पडली, तिचे बरेचसे ठपके तिथंच भरले.

त्या सकाळी बर्फ पडलेला. गाडी एलियट चालवत होता, त्या वर्षीचा फेलो. कोपऱ्यावर टायरी नव्हता. हा पोरगा नुकताच तुरुंगातून सुटलेला, त्याला नोकरी एलियटनंच शोधून दिली होती.

व्हर्नेलनं दाराला हात घातला.

"मिस व्हर्नेल, दोन मिनिटं."

"त्याला उद्या घेऊ."

"त्याचा पहिलाच आठवडा आहे. आपण कुणाला मागं सोडत नाही."

"आपण? तू कधीपासून कार्ड लावायला लागलास?"

मागं कुणीतरी हसलं.

"मी सुपरवायझरशी बोलेन."

"बाळा, नीट ऐक. आणखी एक ठपका बसला की मी संपले. झारियाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गाडी काढ."

एलियटनं ऐकलं. मी साक्षीला आहे, त्यानं नीट ऐकलं. मान वळवून तिच्याकडे बघितलंसुद्धा. मग म्हणाला, "सॉरी. दोनच मिनिटं."

टायरी आला तो तोंडात पाव धरून, बुटाच्या नाड्या लोंबत.

"ये राजा," व्हर्नेल म्हणाली. "पायघड्या घालायच्या राहिल्या."

"डोळा लागला, मिस व्ही."

"लागू दे. माझाच उघडा होता, हे चुकलं."

तिनं दार ओढलं. मी जीव तोडून धावले, मित्रांनो. माझ्या वयाला शोभणार नाही अशी धावले. फाटकात सगळ्यांना एकेक ठपका बसला आणि सगळे आत गेले. टायरीही गेला. व्हर्नेलनं कार्ड लावलं तर लाल दिवा लागला. तिनं ते पदराला, म्हणजे कोटाच्या कडेला, पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

एलियट सुपरवायझरला फोन लावत राहिला. पलीकडून 'आपला फोन महत्त्वाचा आहे' असं कुणीतरी भरून ठेवलेलं वाजत होतं.

परत जायला बस नाही, म्हणून ती माझ्यातूनच परतली. नेहमीच्या जागेवर, दाराशी.

"मी कोर्टात येईन," एलियट म्हणाला. "चूक माझी होती म्हणून सांगेन."

"मन चांगलं आहे तुझं," ती म्हणाली. "ते त्या यंत्राला लावून बघायचं होतंस, फाटक उघडतं का."

तो खरंच कोर्टात गेला, खरंच सांगितलं. न्यायाधीशबाईंनी ऐकून घेतलं, आणि झारियाला सिनसिनाटीकडच्या एका कुटुंबात कायमचं दिलं. पुढे एलियटनं व्हर्नेलला इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी मिळवून दिली. चांगली नोकरी आहे. तिथं बस जाते. ती पुन्हा माझ्यात बसली नाही.

टायरीला कुणी बोललं नाही. कुणी त्याच्याशी बोललंच नाही. तो मागच्या बाकावर एकटा बसायचा. एक दिवस कोपऱ्यावर दिसला नाही. त्या दिवशी एलियट थांबला नाही.

आता एलियटचं सेवेचं वर्ष संपलं. काल चर्चच्या आवारात केक कापला. नवी फेलो आलीय, हेदर. माझ्या किल्ल्या तिच्या हातात देताना तो म्हणाला, "मला एक गोष्ट कधी जमली नाही. कुणाला सोडून जाणं. तेवढा कठोर मी नाही." आणि दोष सांगतोय असं दाखवत तो थोडा सुखावला. हेदरनं मान हलवली. तिलाही ते आवडलं.

मित्रांनो, जुन्या गाडीत तेलपाणी घाला, तिच्या पोटाचं मीठ धुवा, ते हवंच. पण गाडी थांबवण्याआधी आत कोण बसलंय आणि त्याचं काय पणाला लागलंय, ते विचारा. उत्तर मिळालं तर ते माना.

एलियटनं माझ्या बॉनेटवर थाप मारली. मग मात्र मला राहवलं नाही. त्याला ऐकू जावो न जावो, मी मोठ्यानं बोलले:

"दान आपल्या पदरचं करावं, एलियट. तू केलंस ते व्हर्नेलच्या पदरचं."