नेलपॉलिश लावलेला थर्मोस्टॅट

मित्रांनो, मी एका जुन्या व्हॅनमधला थर्मोस्टॅट आहे. तुम्ही मान डोलावलीत खरी, पण थर्मोस्टॅट म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल, यावर माझा विश्वास नाही. माझा कोणावरच नसतो. मला घडवलंच तसं आहे.

मी पितळेचा, मुठीत मावेन एवढा. माझ्या पोटात मेणाची एक डबी आहे, तिच्यावर झडप आणि ती झडप दाबून धरणारी स्प्रिंग. पाणी ब्याऐंशी अंशांपर्यंत तापलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. त्याआधी कोणी कितीही गयावया केली, तरी मी दार उघडत नाही.

हे दार कशाचं, तेही सांगतो. इंजिनाच्या पोटात पेट्रोलचे सारखे भडके उडत असतात. त्या उष्णतेने लोखंडसुद्धा वाकडं होईल, म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं. पंप ते पाणी फिरवतो. तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, तिथल्या बारीक नळ्यांत वाऱ्याने आणि पंख्याने निवतं आणि परत येतं. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या दारावर मी पहारेकरी. सकाळी गार इंजिन झोपेतून ओढून उठवलेल्या माणसासारखं असतं, खातं जास्त आणि काम कमी करतं. म्हणून ते तापेपर्यंत मी पाणी आतल्या आतच फिरू देतो.

माझ्या शेजाऱ्यांबद्दल मी फारसं चांगलं बोलणार नाही. पंप दिवसभर गरगरतो, पण त्याच्या मनात काय चाललंय ते सांगत नाही. पंखा उगाच वारा घालतो. रेडिएटर सगळ्यांच्या पुढे उभा राहून मान घेतो. राहिलं रेडिएटरचं झाकण. ते डोक्यावर बसून आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, प्रेशर कुकरमध्ये असतं तसं. दाब फारच वाढला, तर थोडं पाणी शेजारच्या बाटलीत सोडतं. ते कधी चकार शब्द काढत नसे, म्हणून त्याच्यावर तेवढा माझा संशय नव्हता. ही माझी चूक झाली.

आमची व्हॅन मावशी चालवायच्या. टेकडीवरच्या शाळेत त्या अकरा मुलांना रोज पोचवत, म्हणून त्या मुलांच्या मावशी आणि आता माझ्याही. घरी त्यांचे सासरे होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. बाबांनी छत्तीस वर्षं एका गोदामाची राखण केली होती आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. आपली वस्तू कोणी बदलेल या भीतीने ते छत्री, चष्म्याचं घर, इतकंच काय आपल्या चहाच्या कपालाही सुनेच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवत. हा माणूस मला पहिल्या भेटीतच आवडला.

एकदा मिस्त्रींनी गॅरेजमध्ये आमची सगळी यंत्रणा उघडून धुवायला काढली. बाबा स्टूल घेऊन शेजारीच बसले आणि फळीवर ठेवलेल्या प्रत्येक भागाला ठिपका लावू लागले.

"बाबा, गाडी नटवताय की काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. ओळख पटवायची सोय करतोय."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना. म्हणून तर एकेकच ठिपका लावतोय."

त्याच फळीवर मिस्त्रींच्या मेहुण्याच्या व्हॅनचेही भाग पडले होते. त्यांना मात्र कोणी ठिपके लावले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात आमचं पाणी कमी होऊ लागलं. रोज सकाळी तांब्याभर घालावं लागे, पण गाडीखाली एक थेंब नाही. बाबांनी खाली वर्तमानपत्रं पसरून पाहिली, सकाळी कोरडी ठणठणीत. मी पंपावर डोळा ठेवला. बाबांनी शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर ठेवला. आणि तिकडे टेकडीच्या चढावर आमच्यातून भस्सकन वाफ निघायची, मुलं दप्तरं घेऊन पायी चढायची.

तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. "मावशी, एक आठवडा देते," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी गाडी चढावर थांबली, तर मुलांसाठी दुसरी व्हॅन लावावी लागेल."

मावशींनी गाडी वळवून थेट गॅरेज गाठलं. त्यांच्याकडे दुसरी व्हॅन नव्हती आणि दुसरं कामही नव्हतं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ताई, खोट याच्यात आहे. हा दार अडवून बसतो. मी तर प्रत्येक गाडीतून हे काढूनच टाकतो. गाडी कशी गारेगार चालते बघा." त्यांनी मला उपसून बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकलं. आत माझ्यासारखे सतरा जण आधीच पडले होते. प्रत्येक जण आपण निर्दोष असल्याचं सांगत होता. मी एकावरही विश्वास ठेवला नाही.

माझ्याविना गाडी, मला नंतर कळलं तसं, सपाट रस्त्यावर गार राहिली ती इतकी, की सकाळच्या थंडीत हीटरमधून गारच वारा येई आणि मुलं कुडकुडत. पेट्रोलही जास्त लागू लागलं. पाणी मात्र पूर्वीसारखंच कमी होत होतं, आणि चढावर तापमानाचा काटा पूर्वीसारखाच वर सरकत होता.

"सूनबाई," शनिवारी बाबा म्हणाले, "चोर कोठडीत आहे आणि चोरी चालूच आहे. म्हणजे चोर दुसराच."

त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन डबा पालथा केला, लाल ठिपक्यावरून मला हुडकलं आणि घरी आणून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगलं. शेजारी थर्मामीटर.

"बाबा, अहो, त्या पातेल्यात मी चहा करते!" मावशी कळवळल्या.

"आज बिनचहाचं राहू. ऐंशी झाले... एक्याऐंशी... बघ, बघ! उघडला!" बाबांनी टाळी वाजवली. "गोदामात इतक्या वेळेवर दार उघडणारा माणूस मला छत्तीस वर्षांत भेटला नाही."

माझ्या आयुष्यातलं हे एकमेव कौतुक. ते खरं असावं, असं मी अजून धरून चाललो आहे.

रविवारी बाबा आणि मावशी मला घेऊन गॅरेजमध्ये गेले. इंजिन पुरतं निवेपर्यंत बाबांनी कोणाला झाकणाला हात लावू दिला नाही. मग मिस्त्री मला बसवू लागले आणि बाबा ठिपके मोजू लागले. पंपाला होता. नळ्यांना होता. रेडिएटरला होता. झाकणाशी येऊन त्यांचं बोट थांबलं.

"याचा ठिपका कुठे गेला?"

"पुसला असेल, बाबा," मावशी म्हणाल्या.

"पुसेल कसा? रंगाचे दोन हात दिले होते मी."

मिस्त्रींचा पाना हवेतच राहिला. समोर मेहुण्याची व्हॅन उभी होती. तिच्या पाण्याच्या नळ्या महिन्यात तीनदा फुटल्या होत्या आणि मिस्त्री मेहुण्याच्या चालवण्याला नावं ठेवत होते. त्यांनी तिचं बॉनेट उचललं. तिच्या झाकणावर लाल ठिपका चमकत होता.

"दोन्ही गाड्या एकदम उघडल्या होत्या मी," मिस्त्री पडेल आवाजात म्हणाले. "मापाला सारखीच आहेत हो दोन्ही. दाब तेवढा वेगळा."

मेहुण्याचं झाकण कमी दाबाचं होतं. ते आमच्यावर बसल्यामुळे पाणी लवकर उकळून बाटलीत जाई आणि बाटलीतून धावत्या गाडीबरोबर रस्त्यावर सांडून वाळून जाई. आमचं जोरकस झाकण तिकडे बिचाऱ्या नळ्या फोडत होतं. पंप निर्दोष होता. कुत्राही.

"मिस्त्री, चोरी नाही केलीत तुम्ही," बाबा म्हणाले. "पण चोराने इतका ताप दिला नसता."

मिस्त्रींनी दोन्ही झाकणं आपापल्या गाडीवर परत बसवली आणि सोमवारी चढ आला. पाणी तापलं. ब्याऐंशी होताच मी दार उघडलं. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. मावशींचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मागे अकरा मुलं दप्तरं पाठीला लावून, उतरायच्या तयारीत बसली होती. फाटकाशी मोठ्या बाईंनी आधी घड्याळ पाहिलं, मग बॉनेटकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "उद्याही याच वेळेला या."

मित्रांनो, गाडी थंड असताना पाण्याची पातळी बघत चला आणि तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येईल. संशय घ्यायचा तर खुशाल घ्या, मी कोण अडवणार? पण कोणाला डब्यात टाकण्याआधी एकदा पातेल्यात घालून बघा.

मिस्त्रींनी परवा त्या सतराही जणांना उकळून पाहिलं म्हणे. पंधरा जण वेळेवर उघडले. उरलेल्या दोघांबद्दल मला आधीपासूनच शंका होती.