झोपलेले नग

विजेच्या खांबावर, तार जिथे टेकते तिथे, चिनीमातीचा एक जाडजूड पांढरा नग बसवलेला असतो. तारेतली वीज खांबात उतरू नये, एवढंच त्याचं काम. त्याला आतून तडा असला, तर ओल्या हवेत वीज त्या तड्यातून वाट काढते. तेव्हा खांबावर कुणी चढलेलं असेल, तर पुढचं सांगायला नको.

असे नग बनवणाऱ्या कारखान्यात मावशी एकतीस वर्षं ठोकणीवर होती. भट्टीतून निघालेला नग समोर घ्यायचा, लाकडी हातोडीचा एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. धड नग घंटेसारखा वाजे, तडकलेला फुटक्या मडक्यासारखा. एवढं तर कुणालाही कळेल. पण काही नग मधलंच बोलत. आवाज चांगला, फक्त शेवटी किंचित लवकर विरायचा. अशा नगाला मावशी ‘झोपलेला’ म्हणे आणि मागच्या फळीवर ठेवून देई. रात्रभर तो पुरता गार होई, आतला ताण आपली वाट शोधी. सकाळी पुन्हा ठोकलं की अशा दहांतले तीन-चार मडकं होऊन बोलत. ते फोडून टाकायचे; उरलेल्यांतला एखादा कित्येक दिवस झोपलेलाच राही, तो बोलेपर्यंत फळीवरच. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सकाळी आल्यावर खिडक्या उघडाव्यात, तसं मावशी ते करून मोकळी होई.

मग कारखाना वाढला. एका भट्टीच्या तीन झाल्या, मागणी दुप्पट झाली आणि एका मावशीच्या कानाला ती झेपेना. आवाज ऐकून निवड करणारं यंत्र आलं आणि त्याला शिकवायला एक तरुण इंजिनियरबाई आली. मावशी ठोके, यंत्र ऐके, इंजिनियरबाई बटण दाबे.

“मावशी, हा?”

“हा झोपलाय.”

“म्हणजे चांगला की वाईट?”

“अगं, आज तो काही सांगायचा नाही. उद्या विचारू त्याला.”

इंजिनियरबाई हसली. “माझ्याकडे दोनच बटणं आहेत हो. उद्याचं बटण नाही.”

“मग दाब चांगलं,” मावशी म्हणाली. उद्या सकाळी आपण बघणारच आहोत, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की ते बोलून दाखवावं असं तिला वाटलंच नाही. इंजिनियरबाई साडेनऊला येई. मावशीची फळी आठलाच उरकलेली असे.

असे चार महिने गेले. शेवटी यंत्राचं आणि मावशीचं उत्तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा जुळू लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीला पॅकिंगमध्ये बसवलं, आणि जागा हवी म्हणून मागची फळीही उखडली.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, बंद केलेल्या एका खोक्यातून मावशीला ‘टिक’ असं ऐकू आलं. तिने चिकटपट्टी फाडली आणि आतले सहाही नग ठोकून पाहिले. चौथा मडकं झाला होता. फळी उखडल्यापासूनचे झोपलेले सगळे नग खोक्यांत भरले गेले होते, आणि तिचा जावई वीज कंपनीत लाइनमन होता.

ती तडक इंजिनियरबाईकडे गेली. सगळं ऐकता ऐकता त्या मुलीचा चेहरा उतरला.

“मावशी, हे तेव्हाच सांगायचंत ना!”

“पोरी, मला काय ठाऊक हे सांगायचं असतं म्हणून?”

दोघी मॅनेजरकडे गेल्या. तो वाईट माणूस नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“एक रात्र माल थांबवायचा म्हणजे तीन भट्ट्यांचा माल ठेवू कुठे? ट्रक दारात उभे असतात. आणि करारात हजारी पाच खराब चालतात, आपले चारच निघतायत.”

“साहेब, त्या चारांवर माणूस चढतो.”

“मावशी, यंत्राला तुम्हीच शिकवलंत ना?” तो हळूच म्हणाला. टोमणा नव्हता तो, म्हणूनच जास्त लागला.

“मी पहाटे येते. फुकट ठोकते.”

“पहाटेपर्यंत माल इथे राहतच नाही हो.”

“आणि गेलेला माल?”

“तो आता कुठल्या कुठल्या खांबांवर चढला, कुणाला ठाऊक?”

इंजिनियरबाई यंत्राला पुन्हा शिकवायला तयार होती. पण त्यासाठी झोपलेले नग रात्रभर ठेवायला हवे होते, आणि ठेवायला फळी नव्हती.

रविवारी मावशी पिशवीत तीन नग घेऊन लेकीकडे गेली. एक धड, एक तडकलेला, एक झोपलेला. तिने ते टेबलावर मांडले.

“हे काय, आई? माहेरची भेट का?” जावई म्हणाला.

“चेष्टा नको. खांबावर हात घालायच्या आधी पान्याने ठोकायचं आणि ऐकायचं. बसा इथे.”

“वर वारा असतो हो, आई. खाली साहेब ओरडत असतो.”

“बसा म्हणते ना!”

लेक दारात उभी होती. “बस रे. ती ऐकायची नाही.”

मावशीने टोला दिला. “चांगला,” जावई म्हणाला. बरोबर. दुसरा. “मडकं.” बरोबर. तिसऱ्याला तो जरा थांबला. “हा झोपलाय.” तिने नग उलटसुलट ठेवून सात-आठ वेळा विचारलं, एकदाही तो चुकला नाही. कित्येक दिवसांनी मावशीच्या छातीवरचं ओझं हललं. चार महिने यंत्राला जे कळलं नाही, ते या पठ्ठ्याला तासाभरात कळलं!

“कसं ओळखता हो?” तिने कौतुकाने विचारलं.

जावई ओशाळून हसला. “खरं सांगू? तुमच्याकडे बघतो. झोपलेला वाजला की तुमची मान थोडी कलते.”

मावशी उठली. त्याच्याकडे पाठ करून, मान ताठ धरून उभी राहिली आणि मागे हात नेऊन तिने झोपलेल्यावर टोला दिला.

“चांगला,” तो म्हणाला.

तिने पुन्हा ठोकलं.

“चांगलाच आहे ना, आई?”